विक्रम साराभाई आणि पनवेलची पक्की जमीन: आकाशातून सिमेंट कसं मोजतात?

विक्रम साराभाई म्हटलं की आपल्याला रॉकेट आठवतं. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरलेल्या लँडरचं नाव ‘विक्रम’ होतं, ते त्यांच्यावरूनच. शाळेतल्या भाषणात आपण त्यांना भारतीय अंतराळ कार्यक्रमाचे जनक म्हणतो आणि खाली बसतो. मी आज त्यांच्याबद्दल लिहितोय ते मात्र जमिनीसाठी, आणि त्यातही सिमेंट, डांबर आणि पेव्हर ब्लॉकखाली गेलेल्या जमिनीसाठी.

मी पनवेलमध्ये राहतो. डोंगर आणि खाडी यांच्या मधलं हे शहर. पावसाळा आला की इथे एकच चर्चा असते: यंदा पाणी कुठे कुठे तुंबणार? याचं उत्तर शोधायचं तर पाऊस किती पडला एवढं बघून भागत नाही. पडलेलं पाणी मुरायला मोकळी जमीन किती उरली आहे, हेही मोजावं लागतं. हे मोजमाप आज उपग्रहाच्या चित्रांवरून होतं. आणि अंतराळातल्या यंत्रांनी अशी खालची, रोजची कामं करावीत, हा आग्रह आपल्या देशात सगळ्यात आधी धरणाऱ्यांपैकी एक म्हणजे साराभाई. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो.

गिरणीवाल्यांच्या घरातला मुलगा

विक्रम यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ चा, अहमदाबादचा. वडील अंबालाल मोठे गिरणीमालक, आई सरलादेवी. आठ भावंडं. मुलांना बाहेरच्या शाळेत घालण्याऐवजी आई-वडिलांनी घरच्या बंगल्यातच शाळा काढली. गांधीजी, रवींद्रनाथ ठाकूर अशी माणसं त्या घरात येत-जात. आत्या अनसूया गिरणी कामगारांची संघटना बांधत होत्या, आणि त्याच वेळी वडील गिरणी चालवत होते. म्हणजे एकाच कुटुंबात मालकही होते आणि कामगारांच्या बाजूने उभं राहणारेही. दोन टोकांच्या माणसांना एका टेबलाशी बसवण्याचं जे कसब विक्रम यांच्यात पुढे दिसलं, त्याचं मूळ मला या घरात दिसतं.

पुढे ते केंब्रिजला गेले, सेंट जॉन्स कॉलेजमध्ये विज्ञान शिकले. १९४० मध्ये पदवी मिळाली, पण युरोपात युद्ध पेटलेलं. ते भारतात परतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे काम करू लागले. विषय होता विश्वकिरण, म्हणजे बाहेरच्या अवकाशातून पृथ्वीवर सतत आदळणारे सूक्ष्म कण. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. उपकरण नीट बांधलं आणि चिकाटीने नोंदी ठेवल्या तरच ते पकडता येतात. १९४२ मध्ये नृत्यांगना मृणालिनी स्वामीनाथन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. युद्ध संपल्यावर ते परत केंब्रिजला गेले आणि १९४७ मध्ये डॉक्टरेट घेऊन आले.

आधी मोजा, मग बोला

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. ११ नोव्हेंबर १९४७ ला साराभाईंनी अहमदाबादमध्ये भौतिक संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. वय होतं २८. सुरुवातीला स्वतःची इमारतही नव्हती. एका कॉलेजच्या खोल्यांत काम चालायचं. हवामानशास्त्रज्ञ के. आर. रामनाथन तिथले पहिले संचालक झाले.

त्याच सुमारास त्यांनी कापड गिरण्यांसाठीही एक संशोधन संस्था उभी केली, ‘अटिरा’. गिरण्यांत तोवर बरंचसं काम अंदाजाने आणि सवयीने चालायचं. सूत किती तुटतं, कापूस किती वाया जातो, यंत्र किती वेळ बंद राहतं, हे मोजा आणि मग निर्णय घ्या, असा नवा रिवाज या संस्थेने आणला. १९६१ मध्ये अहमदाबादला आयआयएम उभं राहिलं, त्यातही त्यांचा मोठा वाटा. बाजाराची पाहणी करणारी ‘ओआरजी’ ही कंपनीही त्यांचीच.

प्रयोगशाळा, गिरणी, व्यवस्थापन, बाजार: वरवर बघता या चार दिशा आहेत. पण चारही ठिकाणी एकच हट्ट आहे, आधी आकडा आणा. पनवेलच्या जमिनीकडे वळू तेव्हा हा हट्ट लक्षात ठेवा.

थुंबाचं चर्च आणि पहिलं रॉकेट

१९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याचे प्रमुख होमी भाभा यांच्या पाठिंब्याने अंतराळ संशोधनासाठी एक राष्ट्रीय समिती बनली. अध्यक्ष साराभाई. आता रॉकेट सोडायला जागा हवी होती. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्त रेषा केरळच्या दक्षिण टोकाजवळून जाते, आणि वरच्या वातावरणाचा अभ्यास करायला ती जागा फार सोयीची. या शोधात साराभाईंच्या बरोबर कोल्हापूरला जन्मलेले एक मराठी शास्त्रज्ञ होते, एकनाथ चिटणीस. तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा या मच्छीमारांच्या गावाची निवड झाली.

त्या जागेवर एक चर्च होतं आणि भोवती लोकांची घरं. साराभाईंनी तिथल्या बिशपांशी आणि गावकऱ्यांशी बोलणं केलं. गावाने जागा दिली, चर्चची इमारत कार्यालय झाली, आणि तीच वास्तू आज अंतराळ संग्रहालय आहे. रॉकेटचे भाग सायकलवरून नेतानाचा प्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिला असेल, तो याच थुंबाचा.

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी तिथून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेचं, त्यातलं उपकरण फ्रान्सचं, मदतीला सोव्हिएत हेलिकॉप्टर. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे देश भारताच्या एका किनारी गावात एकत्र काम करत होते. रॉकेटने वर सोडियमची वाफ सोडली आणि मावळतीच्या आकाशात नारिंगी ढग पसरला. तो कुठे सरकतो यावरून वरच्या वाऱ्याची दिशा आणि वेग कळला.

तेव्हा एक प्रश्न सगळीकडे विचारला जात होता, आणि तो चुकीचा नव्हता: धान्य बाहेरून मागवावं लागणाऱ्या देशाने रॉकेटवर पैसे का घालायचे? साराभाईंचं म्हणणं थोडक्यात असं होतं. चंद्रावर माणूस धाडायच्या शर्यतीत आपल्याला उतरायचं नाही. पण हवामान, शेती, शिक्षण, पाणी या आपल्या अडचणी इतक्या मोठ्या आहेत की त्या सोडवायला सगळ्यात पुढचं तंत्रज्ञान हाताशी हवं.

खाडीच्या पलीकडे

२४ जानेवारी १९६६ ला विमान अपघातात भाभा गेले. त्याच वर्षी अणुऊर्जा आयोगाची जबाबदारी साराभाईंवर आली. आता अहमदाबाद, मुंबई, तिरुवनंतपुरम अशी त्यांची सततची धावपळ सुरू झाली. १५ ऑगस्ट १९६९ ला इस्रोची स्थापना झाली. त्याच वर्षी नासाशी करार झाला, उपग्रहाच्या मदतीने खेड्यांत शैक्षणिक टीव्ही पोचवण्याचा. या प्रयोगाचं काम पुढे चिटणीसांनी सांभाळलं, आणि १९७५-७६ मध्ये सुमारे २,४०० गावांत तो टीव्ही खरोखर चालला.

आता जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. अणुऊर्जेचं मोठं केंद्र तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला. तिथून ठाण्याच्या खाडीपलीकडे बघितलं तर समोर मिठागरं, भातखाचरं, खारफुटी आणि मागे डोंगर. साराभाई आयोगाचे अध्यक्ष असतानाच, १७ मार्च १९७० ला, या पलीकडच्या जमिनीवर नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. ज्या जमिनीवर पुढे खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल उभे राहिले, तिचं रूप बदलायची सुरुवात इथून. आणि गंमत बघा, अशी बदलणारी जमीन आकाशातून वाचायची भारतातली पहिली तयारीही त्याच वर्षी चालू होती, केरळात.

माडाचा आजार आणि न दिसणारा रंग

केरळात नारळाच्या झाडांना मुळांचा एक रोग लागला होता. झाड लगेच मरत नाही, हळूहळू निकामी होतं. हजारो बागांतून एकेक झाड तपासत कोण फिरणार?

साराभाईंनी पी. आर. पिशारोटी या हवामानशास्त्रज्ञांना अहमदाबादला बोलावून घेतलं होतं. पिशारोटी त्याआधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होते. १९७० च्या सुमारास त्यांच्या चमूने हेलिकॉप्टरमधून माडाच्या बागांचे फोटो घेतले. फिल्म साधी नव्हती, इन्फ्रारेड होती. तिच्यावर निरोगी झाडं ठळक लाल उमटतात आणि आजारी झाडं फिकी पडतात. भारतात रिमोट सेन्सिंगची, म्हणजे लांबून जमीन वाचण्याच्या शास्त्राची, सुरुवात याच प्रयोगापासून मोजतात. पिशारोटींना या शास्त्राचे भारतातले जनक म्हणतात.

इन्फ्रारेड म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. तो आत्ता घरी बघायचा असेल तर टीव्हीचा रिमोट घ्या, फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक कॅमेऱ्याकडे धरा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. डोळ्याने थेट बघितलं तर काहीच दिसत नाही. फोनचा सेन्सर तुमच्या डोळ्यापेक्षा थोडं जास्त बघतो, तेच काम उपग्रह फार नेमकेपणाने करतो.

हिरवं पान सूर्याचा लाल प्रकाश स्वतःसाठी शोषून घेतं, कारण त्यावर त्याचं अन्न बनतं. पण इन्फ्रारेड त्याच्या कामाचा नाही, तो पानाच्या आतल्या पेशींवरून मोठ्या प्रमाणात परत फेकला जातो. म्हणून इन्फ्रारेडमध्ये हिरवळ झळझळते. आजारी पान तेवढं झळकत नाही. आणि सिमेंट? त्याला लाल काय आणि इन्फ्रारेड काय, फारसा फरक नाही. पाणी तर इन्फ्रारेड जवळजवळ सगळा गिळतं. म्हणजे जी युक्ती केरळात आजारी माड ओळखायला वापरली, तीच पनवेलमध्ये शेत, पाणी आणि सिमेंट वेगळं करायला चालते.

त्यांनी न पाहिलेले उपग्रह

३० डिसेंबर १९७१. थुंबाच्या कामाचा आढावा घ्यायला आलेले साराभाई रात्री कोवळमला मुक्कामी होते. तिथेच झोपेत त्यांचं निधन झालं. वय फक्त ५२. तोवर भारताचा एकही उपग्रह आकाशात नव्हता. १९७२ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं आणि थुंबाच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं.

त्यांच्यानंतर सात महिन्यांच्या आत, २३ जुलै १९७२ ला, अमेरिकेने लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. तेव्हापासून पृथ्वीच्या जमिनीची चित्रं सलग जमा होत आहेत. १९७५ मध्ये आपला ‘आर्यभट्ट’ गेला. १९७९ मध्ये ‘भास्कर’ गेला. त्याच्या टीव्ही कॅमेऱ्याला साधारण एक किलोमीटरचा तुकडा एक ठिपका म्हणून दिसायचा. आणि १७ मार्च १९८८ ला, सिडकोच्या स्थापनेला बरोबर १८ वर्षं झाली त्या तारखेला, बैकानूरहून आयआरएस-१ए निघाला, जमीन बघण्यासाठी बनवलेला आपला पहिला पूर्ण वेळ कामाचा उपग्रह. त्याचे ठिपके ७२.५ मीटर आणि ३६.२५ मीटरचे होते. पुढच्या रिसोर्ससॅट मालिकेत ५.८ मीटरपर्यंत बारकावा आला. युरोपचे सेन्टिनेल-२ उपग्रह १० मीटरचं चित्र साधारण दर पाच दिवसांनी फुकट देतात.

ठिपक्याचं गणित

आता पक्क्या जमिनीचा नकाशा कसा बनतो ते सोपं करून सांगतो.

उपग्रहाचं चित्र म्हणजे ठिपक्यांची चौकट. सेन्टिनेलचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. प्रत्येक ठिपक्यासाठी निळा, हिरवा, लाल, इन्फ्रारेड अशा पट्ट्यांतले आकडे असतात. इन्फ्रारेडमधून लाल वजा करा आणि दोघांच्या बेरजेने भागा. येणारा आकडा उणे एक ते अधिक एक यांच्या मध्ये असतो. दाट हिरवळीला तो ०.६ च्या वर जातो, सिमेंटला शून्याच्या जरा वर घुटमळतो, पाण्याला बहुतेक वेळा उणे येतो. याला एनडीव्हीआय म्हणतात. यात आणखी काही पट्टे घालून संगणकाला नमुने शिकवतात: हे छप्पर, हे डांबर, हे भात, हा चिखल. मग तो बाकीचे लाखो ठिपके स्वतः ओळखतो.

एवढी मेहनत कशासाठी, ते पावसाच्या हिशोबात कळतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्या एका ठिपक्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर झाले, अर्धा टँकर. जमीन पक्की असेल तर त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४,५०० लिटर, लगेच वाहून गटारात जातं. तिथे झाडझाडोरा असलेली मोकळी जमीन असेल आणि ३० टक्केच वाहिलं, तर गटारात १,५०० लिटर. एकाच ठिपक्यात तिप्पट फरक. असे हजारो ठिपके एका ओढ्याच्या वाटेवर रंग बदलतात तेव्हा ओढ्याची रुंदी मात्र तेवढीच राहते, काही ठिकाणी कमीही होते.

पक्क्या जमिनीवरून पाणी जास्त येतं, शिवाय ते लवकर येतं. आधी जे पाणी चार-सहा तासांत येऊन मिळायचं ते एकदम येतं. सोबत रस्त्यावरचं तेल, टायरची पूड, प्लास्टिक थेट खाडीत जातं. अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांत दिसलंय की ओढ्याच्या पाणलोटातली १० टक्क्यांच्या आसपास जमीन पक्की झाली की ओढ्यातली जीवसृष्टी बिघडू लागते. म्हणून तिथल्या किनारी भागांत नियोजन करताना हा टक्का काढतात.

पनवेलला हा नकाशा का हवा

पाणलोट म्हणजे ज्या भागावर पडलेलं पाणी शेवटी एकाच वाटेने बाहेर जातं तो सगळा भाग. त्याची हद्द डोंगराच्या धारेवर असते. प्रभागाच्या किंवा सेक्टरच्या रेषेशी तिला घेणंदेणं नाही.

आपली गाढी नदी माथेरानच्या डोंगररांगेतून उतरते. काळुंद्रे आणि कासाडी या नद्याही याच परिसराचं पाणी वाहून नेतात. सगळं पाणी शेवटी पनवेलच्या खाडीत. आणि खाडीला रोज दोनदा भरती येते. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठी भरती चार मीटरच्या वर जाते. वरून पावसाचा लोंढा आणि खालून भरती एका वेळी आली की पाण्याला जायला वाटच नसते. सिडकोने नवी मुंबईत होल्डिंग पाँड ठेवले ते यासाठीच: भरतीला खाडीकडची दारं बंद होतात, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं, ओहोटीला बाहेर सोडलं जातं. पण तळं बांधताना वरून किती पाणी येईल याचा हिशोब धरावा लागतो. वरच्या बाजूची शेतं पक्की झाली की तो हिशोब बदलतो, तळं मात्र तेवढंच राहतं. त्यातही गाळ आणि खारफुटी वाढली तर आणखी लहान होतं.

जुन्या पनवेलकडे बघा. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे अशी तळी गावातच होती आणि आहेत. इथली नगरपालिका १८५२ ची. १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली तेव्हा २९ गावं आणि सिडकोच्या वसाहती एका कारभाराखाली आल्या. विमानतळाची जागाच १,१६० हेक्टरची. त्यासाठी टेकडी उतरवली, सखल भागात भराव केला, उलवे नदीचा प्रवाह वळवला. त्यातली सगळी जमीन सिमेंटची नाही हे खरं, पण पाण्याचे उतार आणि वाटा बदलल्या. भोवती इमारती उठताहेत, रस्ते रुंद होताहेत, सोसायट्यांच्या आवारात मातीच्या जागी पेव्हर ब्लॉक बसताहेत.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसात मोकळी जमीनही भरून जाते आणि मग तीही पाणी मुरवत नाही. तो दिवस कोणत्याही नकाशाने टाळता आला नसता. पण दरवर्षी येणारा तास-दोन तासांचा जोरदार पाऊस वेगळा. त्यात किती जमीन पक्की आहे आणि ती नाल्याच्या वर आहे की खाली, यावर कुणाच्या तळमजल्यात पाणी शिरणार हे बरंचसं ठरतं.

आकाशातून काय कळत नाही

साराभाईंचा हट्ट पाळायचा तर आकड्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मे महिन्यात आपली भातखाचरं वाळून तपकिरी होतात. तेव्हाच्या चित्रात संगणकाला सुकं शेत आणि सिमेंट सारखंच वाटू शकतं. जुलैत सगळं हिरवं असतं, पण वर ढग. म्हणून कोकणासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरचं चित्र सगळ्यात उपयोगी: आकाश स्वच्छ, जमीन अजून हिरवी, आणि पक्की जमीन ठळक उठून दिसते.

दुसरं, झाडाच्या सावलीतला डांबरी रस्ता वरून झाडच दिसतो. एका ठिपक्यात अर्धं छप्पर आणि अर्धी बाग असली तर तो ठिपका कुठे मोजायचा? तिसरं, मुरुमाचा दाबून केलेला भराव वरून माती वाटतो, पण रोलर फिरल्यावर त्यात पाणी नीट मुरत नाही. आणि नकाशावर ‘बिल्टअप’ लिहिलं म्हणजे तिथला प्रत्येक इंच पक्का असा अर्थ नसतो. त्यात सोसायटीची बागही येते. म्हणून चांगल्या कामात नकाशा बनवल्यावर माणसं काही ठिकाणी जाऊन पायाखालची जमीन बघतात आणि मग नकाशा दुरुस्त करतात. केरळातही हेलिकॉप्टरच्या फोटोइतकंच महत्त्व बागेत जाऊन झाड तपासण्याला होतं.

आता तुमच्या फोनवर

साराभाईंच्या जन्मदिनी, १२ ऑगस्ट २००९ ला, इस्रोने ‘भुवन’ हे नकाशांचं पोर्टल लोकांसाठी खुलं केलं. तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या हस्ते ते सुरू झालं. त्यात देशभरच्या जमीन-वापराचे नकाशे आहेत: २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ चे. शेत, जंगल, पाणी, खारफुटी, बांधलेला भाग असे वेगवेगळे रंग दिसतात. लॅपटॉपवर बघणं सोपं जातं, पण फोनच्या ब्राउझरवरही उघडून बघता येतं.

हे करून बघा. भुवनमध्ये जमीन-वापराच्या नकाशांत जा, महाराष्ट्र निवडा आणि पनवेलवर या. आधी २००५-०६ चा थर लावा, मग २०१५-१६ चा. त्यानंतर गूगल अर्थमध्ये जुन्या सालांची चित्रं सरकवत आजपर्यंत या. घराजवळचा नाला शोधा आणि त्याच्या काठाने उलटं, डोंगराकडे जात राहा. वाटेत कोणती शेतं गेली, कोणतं तळं आक्रसलं, कुठे नाल्यावर स्लॅब पडला, हे स्क्रीनशॉट काढून साल टाकून ठेवा.

याचा उपयोग काय, असं विचाराल. शहराचा विकास आराखडा १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे बनतो. प्रारूप जाहीर झालं की ठराविक मुदतीत कुणीही नागरिक हरकत किंवा सूचना देऊ शकतो. तिथे ‘आमच्याकडे पाणी भरतं’ एवढंच लिहिलं तर ते शेकडो अर्जांतलं एक ठरतं. पण ‘या नाल्याच्या वरच्या बाजूला २००५ मध्ये शेती होती, आता बांधकाम आहे, नाल्याची रुंदी, होल्डिंग पाँडची क्षमता आणि मोकळ्या भूखंडांचं आरक्षण याप्रमाणे पुन्हा तपासा’ असं दोन नकाशे जोडून लिहिलं, तर समोरच्या अधिकाऱ्याला आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

सोसायटीच्या मीटिंगमध्येही हे चालतं. आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव येईल तेव्हा क्षेत्रफळ विचारा आणि वरचा हिशोब तिथेच फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवा. ४०० चौरस मीटरचं आवार म्हणजे चार ठिपके. ५० मिलिमीटरच्या पावसात तेवढ्या आवारातून गटारात सुमारे ६,००० लिटर जायचे, ते १८,००० लिटर होतील. निम्म्या आवारात माती आणि झाडं ठेवली तर ते १२,००० वर थांबतील. मग ठराव कसा मांडायचा ते सभासद ठरवतील.